चौदा नंबरची चिठ्ठी

जिन्याच्या सहाव्या पायरीवर दोघं समोरासमोर आले आणि अडकले. जिना इतका अरुंद होता की एकाला मागे सरावंच लागणार होतं. संध्याकाळचे जेमतेम सव्वापाच झाले होते, पण धुकं असं उतरलं होतं की खालच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानातला दिवासुद्धा धड दिसत नव्हता. ती वर चालली होती, वडिलांचा निळा मफलर आणि त्यांचं सभासदाचं कार्ड परत करायला. तो खाली येत होता, आणि त्याच्या गळ्यातही मफलर होता... तांबडा.

वर निळ्यांच्या चाहत्यांचा क्लब. तिथे तांबडा मफलर मिरवत यायचं म्हणजे धाडसाची हद्द झाली.

"रस्ता चुकलात वाटतं," ती म्हणाली.

"छे. शत्रूच्या गोटात खुर्च्या किती ते मोजून आलो."

"मग? किती भरल्या?"

"चोवीस. त्यातल्या एकीवर म्हणे कुणीच बसत नाही..."

बोलता बोलता त्याची नजर तिच्या हातातल्या मफलरवर गेली आणि त्याचं हसू तिथेच विरलं. तो पाठ भिंतीला टेकवून उभा राहिला. "या तुम्ही," एवढंच म्हणाला, अगदी हलक्या आवाजात. त्याच्या शेजारून जाताना तिला कसल्याशा साबणाचा वास आला. वास ओळखीचा होता, पण कुठला ते काही केल्या आठवेना.

वर सचिवकाकांनी मफलरही घेतला नाही आणि कार्डही घेतलं नाही. हे काका म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, क्लबचे सर्वेसर्वा आणि नियमांच्या बाबतीत महाकडक. क्लबची रीत अशी: प्रत्येक सभासदाने दर शुक्रवारी स्टेपल मारलेली एक चिठ्ठी दाराशी ठेवलेल्या पेटीत टाकायची. तिच्यात उद्याच्या सामन्याचा अंदाज आणि एका ओळीत कारण. वर नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. शनिवारी सामन्याआधी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. सभासद वारला तरी मोसम संपेपर्यंत त्याचा नंबर आणि खुर्ची कुणाला द्यायची नाही.

"मोसमाचे नऊ सामने राहिलेत," काका म्हणाले. "तोपर्यंत चौदा नंबर तुझ्या बाबांचाच. उद्या ये ऐकायला. बरं वाटेल तुला."

तिला वाटलं, काय बरं वाटणार? बाबांचे अंदाज हा क्लबातला तीस वर्षांचा विनोद होता. निळे हरणार असं त्यांनी जन्मात कधी लिहिलं नाही. समोर कुणीही असो, 'निळे ५, समोरचे ०, हा कप आपलाच!' बाबांची चिठ्ठी वाचली की मंडळी हसून घ्यायची आणि मनातल्या मनात हरायची तयारी करायची.

तरी ती शनिवारी गेली. तेवीस चिठ्ठ्या वाचून झाल्या. काका पेटी मिटणार तोच त्यांचा हात थबकला. तळाशी आणखी एक चिठ्ठी होती. त्यांनी ती उघडली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"चौदा नंबर," ते म्हणाले, आणि खोलीतली कुजबुज थांबली. "निळे ०, रेल्वे १. सत्तर मिनिटांनंतर आपला डावा बचावपटू पाय ओढू लागेल. गोल त्याच बाजूने."

अक्षर बाबांचं होतं, रेघेबाहेर जाणाऱ्या वेलांट्यांसकट. बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते.

सामन्यात बहात्तराव्या मिनिटाला निळ्यांचा डावा बचावपटू लंगडायला लागला आणि गोल त्याच बाजूने झाला. चौदा नंबरच्या खुर्चीकडे कुणी पाहिलं नाही. घरी जाताना तिने मफलर घट्ट गुंडाळला, तरी मानेवर गार हात ठेवल्यासारखं वाटत राहिलं.

पुढच्या शनिवारी पुन्हा चिठ्ठी, आणि त्याच्या पुढच्याही. सगळ्या खऱ्या ठरल्या. चौथ्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'सतरा नंबरचा नवा खेळाडू शेवटी उतरेल आणि हेडर मारेल.' हा सतरा नंबर संघात आला तो बाबा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी. त्याने हेडर मारला आणि गोल झाला, तेव्हा क्लबात टाळी वाजवायला कुणाचे हात उठेनात. निळे जिंकत होते, तांबड्यांच्या मागोमाग गुणतक्त्यात चढत होते, विजेतेपद हाताशी येत होतं, आणि क्लबातली माणसं मात्र एकमेकांना चिकटून बसायला लागली होती.

तिची भीती वेगळी होती. अक्षर बाबांचं, पण भाषा कुणा परक्याची. एक विनोद नाही, उद्गारचिन्ह नाही, 'आपलाच कप' नाही. ही बिनचूक, थंड वाक्यं वाचून वाचून तिला बाबांचा खरा आवाज आठवेनासा झाला होता. डोळे मिटले की त्यांच्या तोंडूनही तीच वाक्यं ऐकू यायची. बाबा एकदा गेलेच होते. आता ही चिठ्ठी लिहिणारा जो कोण होता, तो त्यांना आठवणीतूनही काढून नेत होता. आईला ती यातलं काही बोलली नाही.

या सगळ्यात सुखाची गोष्ट एकच होती. दर शुक्रवारी लॅबमधून सुटून ती क्लबाच्या दाराशी आली की समोरच्या कॉफीच्या टपरीवर तांबडा मफलर असायचा.

"या, चौदा नंबर," तो म्हणायचा. "काय म्हणतेय तुमची मधली फळी? जेवून झोपलीय का उठलीय?"

"तुमचा गोलकीपर पेनल्टीला डोळे मिटतो, त्याचं काय ते आधी बघा."

"तो प्रार्थना करतो हो."

"मग देवळात पाठवा त्याला, मैदानावर कशाला?"

वाफाळत्या कपांमधून धुक्यात धुकं मिसळायचं. टेबलावर साखरेच्या पुड्या मांडून तो तिला तांबड्यांची चाल समजावून सांगायचा, आणि ती एक पुडी हळूच उचलून कॉफीत रिकामी करायची.

"अहो, तो माझा स्ट्रायकर होता..."

"ऑफसाइड होता. काढला."

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवते हे कळल्यापासून तो तोंड मिटून हसायला लागला होता.

"लपवून उपयोग नाही," ती एकदा म्हणाली. "समोरचा उजवा दात जरासा पुढे आहे. पहिल्याच दिवशी पाहिलाय मी."

"पहिल्या दिवशी तुम्ही माझे दात पाहिलेत?" तो म्हणाला. "आणि मी आपला तुमचे डोळे—"

वाक्य त्याने अर्धंच सोडलं आणि उरलेली कॉफी एका घोटात संपवली. ती बाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं धुकं होतं, पण तिला ते फार आवडलं.

सहाव्या आठवड्यात धुक्याने कहरच केला. गिरणीवाल्यांशी होणारा सामना गुरुवारीच पुढे ढकलला गेला. शुक्रवारी कुणीच चिठ्ठी टाकली नाही. शनिवारी काकांनी पेटी सहज हलवून पाहिली, तर आत काहीतरी वाजलं. चौदा नंबर. 'निळे १, गिरणीवाले ०. कॉर्नरवरून.'

"सामना रद्द झाल्याचं त्यांना कुठून कळणार बिचाऱ्यांना," कुणीतरी पुटपुटलं, आणि दोघंजण उठून चक्क घरी गेले.

ती मात्र दोन दिवस त्याच चिठ्ठीचा विचार करत राहिली. सोमवारी लॅबमध्ये उत्तर तिच्या हातातच आलं. तिथे पेशंटांचे साचे नंबर घातलेल्या ट्रेमध्ये ठेवलेले असतात. एकाने तारीख पुढे ढकलली की मागचे सगळे ट्रे एकेक घर सरकवायचे. नवखा माणूस ते विसरतो, नंबर बघून पुढचा ट्रे उचलतो आणि एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडी जाते. चिठ्ठीचंही तेच झालं होतं. कुणाकडे तरी नंबर घातलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, आणि तो माणूस त्या न उघडता दर शुक्रवारी वरची एक टाकत होता. मेलेल्या माणसाला गठ्ठा लागत नाही.

त्या शुक्रवारी ती लवकर सुटली आणि क्लबाच्या दारामागे जाऊन उभी राहिली. बरोबर पाचला जिन्यावर पावलं वाजली. थांबली. पुन्हा वाजली. आधी आला तो साबणाचा वास, आणि या खेपेला तिला तो ओळखता आला. हा हॉस्पिटलचा वास होता, बाबांच्या वॉर्डातला. मग दारातून आत आला एक हात, आणि मागोमाग तांबडा मफलर.

"तुम्ही?"

त्याच्या हातातली चिठ्ठी खाली पडली. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"रात्रपाळीला मीच असायचो तुमच्या बाबांजवळ," तो म्हणाला. "दिवसा तुम्ही आणि आई, रात्री मी. त्यांनी नऊ चिठ्ठ्या दिल्या. दर शुक्रवारी पाचला एक टाकायची, उघडायची नाही, कुणाला सांगायचं नाही. मी शब्द दिला होता. सामना रद्द झाल्याचं ठाऊक होतं मला, पण दर शुक्रवारी म्हणजे दर शुक्रवारी."

"म्हणजे आई सारखी ज्यांचं कौतुक करते, ते ब्रदर तुम्ही?"

"हो. पण मला ब्रदर म्हणू नका. निदान तुम्ही तरी."

इतकी घाबरलेली असूनही तिला हसू फुटलं, आणि मग लगेच डोळे भरले.

"आत काय असतं ते माहीत आहे तुम्हाला?"

"तुमच्याइतकंच. शनिवारी खालच्या दुकानात उभं राहून ऐकतो. मग आठवडाभर झोप येत नाही." त्याने मफलर गळ्यातून काढून हातात घेतला. "हे आधीच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर शुक्रवारी तुम्ही यायचं बंद केलं असतं."

"बाबांनीच लिहिल्यात ना त्या? नक्की?"

त्याने वाकून चिठ्ठी उचलली. "हात त्यांचाच होता," तो म्हणाला.

गिरणीवाल्यांचा सामना पुढे एका बुधवारी झाला. निळे १, गिरणीवाले ०. कॉर्नरवरून.

सातवी चिठ्ठी खरी ठरली, आठवीही ठरली. आता शेवटचा सामना, आणि तोही नेमका निळे विरुद्ध तांबडे. तांबडे दोन गुणांनी पुढे होते, म्हणजे निळ्यांना जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेवटच्या शुक्रवारी टपरीवर त्याने नववी चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली.

"ही तुमची. उघडा, फाडा, टाका... मी शब्दातून मोकळा."

तिने ती उजेडात धरली. स्टेपलखाली नख सरकवलं आणि थांबली. कोण जिंकणार याची तिला पर्वाच नव्हती. आतही तोच थंड आवाज असला तर? ही शेवटची होती, हिच्यानंतर बाबांचं काहीच येणार नव्हतं. तिने स्वतःच ती पेटीत टाकली.

शनिवारी दुपारी क्लब खच्चून भरला होता. तिच्या शब्दाखातर काकांनी त्यालाही आत घेतलं, मफलर खिशात ठेवायच्या अटीवर. चौदा नंबर निघाला तसं काकांनी खाकरून घेतलं.

"निळे ५, तांबडे ०. अरे, ती लाल माकडं काय खेळणार आपल्यापुढे! हा कप आपलाच!"

खोलीत एकच जल्लोष उठला. आठ अंदाज खरे ठरले होते, म्हणजे कप आलाच की घरी. ती मात्र भिंतीला टेकून तोंडावर हात दाबून उभी होती. हा बाबांचाच आवाज होता, तोंडात लिमलेटची गोळी धरून ते नेहमी करायचे ती बडबड. पण हेही खरं निघालं तर? मग हाही तोच, बाबांचं सोंग घेतलेला. सामना सुरू झाला आणि निळ्यांच्या त्या खोलीत एकटी तीच देवाला विनवत होती की निळ्यांना जिंकू देऊ नकोस.

बाराव्या मिनिटाला तांबड्यांनी गोल केला. मध्यंतराआधी दुसरा. ऐंशीव्या मिनिटाला तिसरा. शिट्टी वाजली तेव्हा निळे ०, तांबडे ३ असा साफ धुव्वा उडाला होता. काकांनी टीव्ही बंद केला. मंडळी गुपचूप खुर्च्या उचलू लागली. त्याचा संघ लीग जिंकला होता, पण तो खिशातल्या मफलरवर मूठ आवळून मान खाली घालून बसला होता.

तिने त्याचा हात धरला आणि त्याला सरळ जिन्यावर ओढत नेलं. ती हसत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"चुकले," ती म्हणाली. "बाबा चुकले. पाच-शून्य म्हणे... तीस वर्षांत कधी बरोबर आले नाहीत, आज तरी कसे येतील?"

तो पायरीवर बसला आणि तिला शेजारी जागा दिली.

"एक गोष्ट सांगितली नाही मी तुम्हाला. आधीच्या आठ चिठ्ठ्या त्यांनी एका पहाटे सलग लिहिल्या. कागदाकडे न बघता. कुणी सांगतंय आणि आपण उतरवून घेतोय, असं. मी हाक मारली तर ओ दिली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच हाताकडे बघून घाबरले. मग माझ्याकडे पेन मागितलं, तासभर चघळलं, मला तांबड्यांवरून यथेच्छ चिडवलं आणि नववी लिहिली. म्हणाले, त्या आठ कुणाच्या कोण जाणे, टाकून दे पेटीत म्हणजे माझ्या उशाशी राहायच्या नाहीत. ही एक मात्र माझी."

खालच्या दुकानात कुणीतरी चाकाला हवा भरत होतं. ती त्याच्या जवळ सरकली.

"बाबा गेले हो," ती म्हणाली. इतक्या आठवड्यांत हे शब्द तिने एकदाही तोंडातून काढले नव्हते. ते निघाले आणि मागोमाग हुंदका फुटला. रडू नका, असं तो म्हणाला नाही. रोज रडणारी माणसं सांभाळणारा तो, त्याने फक्त तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आता चिठ्ठ्या संपल्या. मोसमही संपला. शुक्रवारी यायला माझ्याकडे काही कारण उरलेलं नाही. एक आहे, पण... ते तुम्हाला चालेल की नाही कोण जाणे. तुम्ही मला फार आवडता."

तिने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि त्याच्या खिशातून लोंबणारा तांबडा मफलर बाहेर ओढून त्याच्या गळ्यात नीट गुंडाळला.

"आज तुमचा संघ जिंकलाय. धड आनंद तरी करा," ती म्हणाली. "आणि मग घरी चला माझ्या. बाबा नऊमधली एकच चिठ्ठी स्वतः लिहून गेले आणि तीही साफ चुकली, हे आईला तुम्हीच सांगा. किती दिवस झाले, ती हसलेली नाही."