तीन हाकांचा नियम

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, असा तिथल्या साहेबांचा, दत्तरावांचा, सक्त हुकूम होता. पाय पुसायला त्यांनी दाराबाहेर एक पोतंही अंथरलं होतं. साल एक्क्याण्णवचं, महिना श्रावणाचा. गंगाखेडच्या एस.टी. स्टँडमागं, एका आडत दुकानाच्या माडीवर ऊसतोड मजुरांच्या नोंदणीचं हे कार्यालय. मधल्या खोलीत, ओढलेल्या पडद्यांच्या गारव्यात, कपाटाएवढं ते यंत्र दिवसभर घुमत बसायचं. जिल्ह्यातल्या अकरा हजार कोयत्यांची नोंद त्याच्या पोटात होती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. दोघांचं मिळून एकच पान, कारण फडात एकट्या माणसाला कोयता म्हणतच नाहीत.

हे यंत्र सांभाळायचा बन्सीधर. पेडगावच्या कोरडवाहू रानातनं निघून, नामांतराच्या धामधुमीत पुढं पुढं ढकललेल्या परीक्षा देत औरंगाबादेत इंजिनिअर झालेला. वय सत्तावीस. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत जेवायचं नाही, असला चिवट गडी. गावाकडं कुणी अंगारा लावायला पुढं आला की हा कपाळ मागं घ्यायचा.

"बन्सीधर, तुमचं यंत्र सांजच्याला झोपा काढायलंय का?" दत्तराव एक दिवस दारातनंच म्हणाले. चपला पायात होत्या ना, आत कसे येणार! "रोज पावणेसातच्या सुमाराला लटकतंय बघा. टायपिस्ट बाई हात बांधून बसायल्यात."

"बघतो साहेब. कारण असणारच."

"कारण मला नका सांगू. काम व्हायला पायजे."

आता यात अवघड असं काही नाही. यंत्रातल्या एखाद्या प्रोग्रामला कुणाचं पान हवं असलं, तर तो स्वतः डिस्ककडं जात नाही. मध्ये प्रणालीचा गाभा बसलेला असतो, ज्याला पुस्तकात कर्नल म्हणतात. प्रोग्राम त्याला सांगतो, तो डिस्कला हाक मारतो, डिस्क गरगरत पान शोधते आणि ओ देते. बन्सीधरनं गाभ्यात चाळीसेक ओळी घातल्या. हाक निघाली की घड्याळ बघायचं, ओ आली की पुन्हा बघायचं, वजाबाकी करायची आणि कागदावर छापायचं: कुठल्या प्रोग्रामची हाक, कुठलं पान, किती वेळ लागला. वेळ मोजायचा सेकंदाच्या साठाव्या भागात. त्याला तो ठोका म्हणायचा.

दोन दिवस कागद नुसता वाहत राहिला. दोन ठोके, तीन ठोके, दोन, पाच. दोनाच्या आत ती डिस्क कधी ओ द्यायची नाही. तेवढी तिला फिरायलाच लागायची. तिसऱ्या दिवशी सहा वाजून एकेचाळीस मिनिटांची ओळ बघून तो थबकला.

प्रोग्राम शून्य. पान ४४१७. ओ नाही.

अकरा सेकंदांनी पुन्हा तीच ओळ. तिसरी नव्हती. मागचे दोन दिवसही तसंच. रोज दोन हाका, ओ नाही, आणि तेवढा वेळ बाकी सगळं काम खोळंबलेलं.

ओ का नाही, हे त्याला लगेच कळलं. ती त्याचीच करणी होती. गंगाखेडच्या विजेचे धक्के खाऊन कधीकधी तारांमधनं खोट्या हाका उठायच्या. म्हणून त्यानं सहा महिन्यांपूर्वीच गाभ्यात एक नियम लिहून ठेवला होता: जिच्यामागं प्रोग्राम नाही, म्हणजे कागदावर शून्य, अशी हाक तीनदा आली तरच खरी मानायची. एकदा आली, सोडून द्या. दोनदा आली, सोडून द्या. तेव्हा त्याला आपल्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं होतं.

मग त्यानं ४४१७ उघडलं.

मुंजाजी, मु. पेडगाव. जोडीदार बायनाबाई.

त्याचा सख्खा भाऊ. आणि वहिनी.

बन्सीधर पाणी प्यायला. मग शहाण्या माणसानं जे करावं ते त्यानं केलं. तारा बदलल्या. विजेचा दाब तपासला. डिस्कचा तो तुकडा खराब असेल म्हणून भावाचं पान तिथनं उचललं आणि पार दुसऱ्या टोकाला, ९०२ वर नेऊन ठेवलं. कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहा एकेचाळीसला ओळ आली. प्रोग्राम शून्य. पान ९०२. ओ नाही. अकरा सेकंदांनी पुन्हा.

कागद हातात धरून तो खाली फरशीवर बसला. तीन हाकांचा नियम त्याचा नव्हताच. तो त्याच्या मायचा होता.

धुरपताबाईनं लेकरांना बोलायच्या आधी हे शिकवलं होतं. तिन्हीसांजेला बाहेरनं कुणी नाव घेऊन बोलावलं तर ओ द्यायची नाही. तीनदा हाक आली तर माणूस. दोनदा येऊन थांबली तर आपण काही ऐकलंच नाही. पेडगावात अजून कितीतरी घरांत हे पाळायचे.

चौऱ्याऐंशीच्या फाल्गुनात बन्सीधर होळीला घरी आला होता. बायनाबाईचा पाय मोडलेला, म्हणून त्या साली मुंजाजी एकटाच गोदाकाठच्या फडावर गेलेला, दुसऱ्याच्या टोळीत. दिवेलागणीला तिघं चुलीपाशी बसलेली. अंगणातनं हाक आली. "बायना."

बायनाबाई मोडक्या पायानिशी उठायला गेली. मायनं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं बन्सीधरचं मनगट पकडलं.

"बायना."

माय ओठातल्या ओठात मोजत होती. तिसरी हाक आली नाही.

सकाळी बैलापुढं हिरव्यागार वाढ्याची पेंडी पडलेली होती. वाढं म्हणजे उसाचे शेंडे. फडावरनं येताना मुंजाजी बैलासाठी न चुकता आणायचा. दोन दिवसांनी मुकादम दारात आला. "मुंजाजी पोचला का वो? सोमवारीच निघालाय फडावरनं." त्यानंतर मुंजाजी कुणालाही दिसला नाही. ना जिता, ना मेलेला.

सात वर्षं बायनाबाई एकच वाक्य बोलत आली. "त्यांचाच आवाज व्हता." मायला दोष दिला नाही, पण रोज संध्याकाळी ती ते वाक्य बोलायची आणि माय तोंड फिरवायची. बन्सीधरला त्या घरात घास गिळवायचा नाही. मनगट सोडवून घ्यायला काय झालं होतं? वीस वर्षांचा बाप्या, आणि बाईमाणसाच्या हातातनं मनगट सुटलं नाही!

आणि आता भावकीनं घाई मांडली होती. सात वर्षं बेपत्ता, म्हणजे कायद्यानं मेला. नोंदणीतनं नाव कमी करायचा अर्ज सख्ख्या भावानं सही करून द्यायचा, की मग बायनाबाईचं कुंकू पुसायला सगळे मोकळे. दत्तरावांनी कोरा फॉर्म त्याच्या टेबलावर आणून ठेवला होता.

"सोमवारपर्यंत उरका. तुमचंच दुःख हाय, मला कळतंय. पण यादी वर धाडायचीय."

शनिवारी दुपारी बन्सीधरनं गाभ्यातली ती ओळ काढली. स्वतःला त्यानं कारण दिलं ते असं: खोट्या हाका थांबवायच्या नादात रांग अडायलीय, तर हाक पहिल्याच वेळी डिस्ककडं जाऊ द्यावी. कारण चोख होतं. दत्तरावांनाही पटलं असतं. तरी ओळ खोडताना त्याच्या उजव्या मनगटाला कसंतरीच झालं.

शनिवार म्हणून टायपिस्ट बाई साडेसहालाच घरी गेल्या. स्टँडवर परभणीची गाडी लागल्याचं ओरडून सांगत होते. बन्सीधर कागदापाशी उभा राहिला.

सहा एकेचाळीस.

प्रोग्राम शून्य. पान ९०२.

ओ आली. लागलेला वेळ: शून्य.

त्यानं ओळ तीनदा वाचली. शून्य कसा? दोन ठोक्यांच्या आत डिस्क फिरत नाही. फिरल्याशिवाय पान मिळत नाही. कुणीतरी हाकेची वाटच बघत दाराशी उभं असल्यावर लागावा, तेवढाच वेळ.

अकरा सेकंद गेले. दुसरी हाक आली नाही.

रविवारी पहिली एस.टी. धरून तो परभणीला आणि तिथनं पेडगावला पोचला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस, ज्वारी, कुठं कुठं कमरेएवढा ऊस. दिवाळीपर्यंत या जिल्ह्यात उसाला कुणी कोयता लावत नाही.

बायनाबाई अंगणात दगडावर कोयत्याला धार लावत होती. डोक्यावरनं न्हालेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. सात वर्षांत तिला असं हसताना त्यानं पाहिलं नव्हतं.

"आलाव का भावजी? बसा. काल सांजंला हाक आली."

बन्सीधर उभाच राहिला. "मग?"

"मग काय! ओ दिली की."

"कितव्या हाकेला, वैनी?"

"पैल्याच. थांबायचं कामून? ह्या बारीला कुणी अडवलंच न्हाई."

त्यानं घरात पाहिलं. माय चुलीपाशी बसून होती. दोन्ही हात मांडीवर, चूल थंड.

"म्या काईच आयकलं न्हाई रे बाबा," धुरपताबाई पुटपुटली. "ही एकाएकी उठली अन् ओ म्हणाली. मोकळ्या आंगनाला."

"कोण होतं, वैनी?"

"अवो, कोण आसंल?" तिला त्याच्या खुळेपणाची कीवच आली. "फुडं गेलेत फडावर. मला म्हणले, आवरून ये."

त्याच्या खिशातला फॉर्म बाहेर डोकावत होता. तिनं तो बरोबर हेरला. लपवून काय उपयोग होता? त्यानं सांगून टाकलं, दादाचं नाव कमी करायचं आहे, उद्या सही करावी लागेल. आता ही धाय मोकलून रडणार, म्हणून तो जीव मुठीत धरून उभा राहिला. बायनाबाईनं अंगठ्यानं कोयत्याची धार चाचपली.

"करा की सही. फकस्त दोघांचं नाव लिवा. एकट्याचा कोयता कुठं आसतोय, भावजी?"

आणि ती पुन्हा धार लावायला लागली.

बन्सीधरला तिच्याकडं बघवेना. त्यानं गोठ्याकडं तोंड फिरवलं. गव्हाणीत वाढ्याची पेंडी पडली होती. हिरवीगार, कापल्या जागी रस अजून ओला.

बैलानं तिला तोंड लावलं नव्हतं. दावं ताणून तो गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होता.