चाळीस कळ्यांची साक्ष

त्रिवेणी जिना चढून आली ती इंदुताईंच्या टेबलासमोर जमिनीवरच बसली. खुर्ची होती, पण तिला दिसलीच नाही.

"ताई, मालकाला आज पहाटे उचललं. उद्या कोर्टात नेणार, खुनी म्हणून. त्यांना सोडवा."

कोठी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानावर इंदुताईंचं तपासाचं ऑफिस होतं. सोबतीला भाचा प्रमोद. तो आठवडाभर कुकटपल्लीत कॉम्प्युटरला शहाणं करी आणि त्या नादात स्वतःपुरतं काही उरवत नसे. आज रविवार, म्हणून आत्याच्या सेवेत.

हकीकत अशी. शहराबाहेर हिम्मतरावांचं बियाण्यांचं शेत. तिथे भेंडीचा संकर करणारे डॉ. कौस्तुभ मंगळवारी संध्याकाळी जाळीच्या शेडमध्ये मेलेले सापडले. डोक्यात फावडं. फावडं शिवराजचं, म्हणजे त्रिवेणीच्या नवऱ्याचं. शेडमधल्या उकाड्याने मृत्यूच्या वेळेचा अंदाज बिघडवलेला; सोमवार संध्याकाळ की मंगळवार सकाळ, प्रेत तपासणारे डॉक्टर सांगू शकत नव्हते.

"मग पोलीस मंगळवार सकाळच कसं म्हणतात?" इंदुताईंनी विचारलं.

"धाग्यावरून, ताई. सांजच्याला कळी उघडून आतले नराचे पुंकेसर खुडले, की लाल धागा बांधून वर कागदी पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावले, की पांढरा. शेडमध्ये सोमवारच्या चाळीस कळ्या. चाळीसांनाही पांढरा धागा हाय."

"म्हणजे मंगळवारी सकाळी डॉक्टर जिवंत," प्रमोद म्हणाला. "आणि तेव्हा शेतावर कोण?"

"हेच एकले," त्रिवेणी पुटपुटली. "पण बाहेरच्या वाफ्यात. आत जायला मनाई."

हिम्मतराव कोठीतल्याच दवाखान्यात खाटेवर होते. "हौ, सोमवारी दुपारपासून इथंच आहे मी. छातीत जाळी बसवली ना," ते म्हणाले. "त्याच दिवशी कौस्तुभचा फोन आला होता. संकरासाठी ज्याचे पराग वापरतो ते आपलं नराचं वाण कुणीतरी बाहेर विकतंय, नाव मंगळवारी सांगतो म्हणाला. सांगायच्या आधीच गेला बिचारा."

शेतावर डॉक्टरांचा सहकारी अमेय भेटला. नाकासमोर चालणारा, चष्मा पुसत बोलणारा.

"सोमवारी संध्याकाळी साडेसातला निघालो. साडेदहाचं पुण्याचं विमान. कालच आलो. शिवराजचं डॉक्टरांशी रजेवरून भांडण झालं होतं हो मागच्याच आठवड्यात."

"झाडांना पाणी?"

"ठिबक आपोआप चालतं. एक दिवसही चुकलेलं नाही."

इंदुताई शेडमध्ये शिरल्या. शेजारच्या ओळीचे पुंकेसर डॉक्टरांनीच मागच्या रविवारी खुडलेले, पराग सोमवारी सकाळी लावलेले. तिच्यावर बोटभर भेंड्या लटकत होत्या. सोमवारच्या ओळीतली एक पिशवी त्यांनी उघडली. मग दुसरी. मग सगळ्या. आत पिवळ्या पडून गळालेल्या, सुरकुतलेल्या कळ्या. त्यांनी भिंग लावलं आणि एकेक कळी निरखली.

"आत्या, उन्हानं गळाली असतील."

"ऊन काय ओळ बघून पडतं, शहाण्या? इन्स्पेक्टरना बोलाव."

इन्स्पेक्टर तासाभराने आले. अमेय चष्मा पुसतच होता.

"फूल खोटं बोलत नाही," इंदुताई म्हणाल्या. "पराग कुक्षीवर, फुलाच्या मधल्या टोकावर पडला, रुजला, त्याची नळी खाली अंडाशयापर्यंत पोचली, तर भेंडी धरते. नाही तर फूल गळतं. झाडं तीच, पाणी तेच, रविवारची ओळ भरली. सोमवारच्या चाळीसांत एकही नाही. भिंगाखाली एकाही कुक्षीवर परागाचा कण नाही."

"म्हणजे पांढरा धागा बांधला, पराग लावलेच नाहीत?" इन्स्पेक्टर.

"लावणार कुठून? भेंडीचं फूल सकाळी उमलतं नि दुपारनंतर मिटतं. सोमवारी संध्याकाळी त्या दिवसाची फुलं संपलेली, दुसऱ्या दिवसाची मिटलेली. धागा कधीही बांधता येतो. पराग सकाळचीच वाट पाहतो. डॉक्टर सोमवारी संध्याकाळी, पुंकेसर खुडून झाल्या झाल्या मेले."

प्रमोदच्या डोक्यात उशिरा का होईना दिवा लागला. "पण शिवराजच बांधू शकला असता ना धागे?"

"कशाला? धाग्यांमुळे खून मंगळवारी सकाळवर जातो, आणि त्या वेळी तो एकटाच इथं. स्वतःच्या गळ्याला कोण दोरी बांधेल? हिम्मतराव खाटेवर. धाग्याचा फायदा एकालाच, जो सोमवारी इथं होता आणि मंगळवारी पुण्यात. ज्याचं नाव डॉक्टर मंगळवारी सांगणार होते."

अमेयच्या हातातला चष्मा थांबला.

"चाळीस भेंड्या लागल्या की नाही," तो हळूच म्हणाला, "हे बघायला कोण येणार होतं? खटला झाला असता, ओळ उपटली असती..."

हवालदाराने त्याचा दंड धरला. शेडच्या दारात थांबलेली त्रिवेणी धावत आत आली.

"मग आता माझा मालक सुटला ना साहेब?"

"सुटेल," इन्स्पेक्टर म्हणाले. "कागद तेवढे बदलावे लागतील. दुपारीच त्यानं कबुलीजबाबावर अंगठा दिलाय."

"अंगठा?" त्रिवेणी थबकली. "ते तर सही करतात, साहेब. मराठीत, तेलुगूत, दोन्हीत. अंगठा का?"

इन्स्पेक्टर फाटकाकडे बघू लागले. त्रिवेणीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या बोटांकडे, आणि मग तिला समजलं.

"प्रमोद," इंदुताई म्हणाल्या, "गाडी काढ. आधी ठाण्यात, तिथून शिवराजला घेऊन थेट हाडांच्या डॉक्टरकडे."