कुलूपवाल्याचा निकाल

जेवणाच्या सुट्टीत न्यायाधीशबाई कोर्टात परतल्या त्या फक्त चष्म्यासाठी. सकाळी शिक्षेबाबत दोन्हीकडच्या वकिलांचं ऐकता ऐकता तो मेजावरच राहिला होता. शिपाई आणून देतो म्हणाला होता, पण भरल्या ताटावरून माणसाला उठवणं त्यांच्या जिवावर आलं.

खटला साऱ्या गावाला तोंडपाठ होता. अडलेली कुलपं उघडून देणारा एक कारागीर. सगळे त्याला किल्ल्या म्हणत. घरफोडीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला उचलला, आणि 'कबूल कर' म्हणत इन्स्पेक्टरने व दोन हवालदारांनी कोठडीत इतका मारला की उजाडायच्या आत तो गेला. जिन्यावरून पडला, असं ते पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले. त्या ठाण्याला जिनाच नव्हता. तिघेही खुनाचे दोषी ठरले होते; आज शिक्षा सुनवायची होती.

खोली रिकामी होती. पंखे बंद, पडद्यांआडून येणारा कळकट उजेड. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांना वास आला... ओल्या घोंगडीचा, मुताचा, गंजल्या लोखंडाचा. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी कोठड्यांची पाहणी केली होती. तो वास एकदा नाकात बसला की जन्माचा जात नाही.

आरोपीच्या पिंजऱ्यात कुणीतरी खाली बसलं होतं, गुडघे पोटाशी घेऊन.

"बाई..." तो हलकेच म्हणाला. "मला किती वर्षं?"

त्याने मान वर केली. डावा डोळा सुजून बंद झालेला. हा चेहरा बाईंनी खटल्याच्या फोटोंत कितीदा पाहिला होता.

"तुम्हाला कुणी... सांगितलं नाही?"

"कुणी काही सांगतच नाही. नुसतं कबूल कर म्हणतात. मी चोरी नाही केली, बाई. पण तुम्ही सोडल्याशिवाय जाऊ कसा? आई दार उघडं टाकून बसली असेल..."

मागे दार करकरलं. शिपाई तोंड पुसत आत आला. "सापडला का चष्मा?"

पिंजरा रिकामा होता. वास मात्र होता; शिपायाने नाक दाबून खिडक्या उघडल्या.

सुट्टी संपली तशी खोली गच्च भरली. मागच्या बाकावर किल्ल्याची आई पदर घट्ट धरून बसली होती. तिघांना पिंजऱ्यात उभं केलं. एरवी छाती काढून उभा राहणारा इन्स्पेक्टर आज कठड्याला चिकटून, अंग चोरून उभा होता.

"शिक्षेबद्दल काही सांगायचंय?" बाईंनी विचारलं.

"याला..." त्याची नजर बाजूच्या मोकळ्या जागेवर खिळली होती. "याला जरा लांब बसवा..."

हवालदारांनी माना खाली घातल्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे इन्स्पेक्टरकडे पाहत होते.

बाईंनी तिघांना जन्मठेप सुनावली. मग कागद बाजूला सारून त्या म्हणाल्या, "मयत इसमाने घरफोडी केल्याचा कसलाही पुरावा नाही. तो निर्दोष होता. त्याने आता घरी जावं."

टंकलेखकाची बोटं थांबली. "बाई, शेवटचं वाक्यही घेऊ?"

"घ्या."

इन्स्पेक्टरने श्वास सोडला आणि मटकन खाली बसला. एवढ्या गर्दीत मधल्या वाटेवरची माणसं आपसूक बाजूला झाली, कुणाला तरी वाट दिल्यासारखी. बाईंना वाटलं, संपलं. घरी जाऊन त्या कितीतरी दिवसांनी शांत झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याची आई त्यांच्या दालनाबाहेर उभी होती. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा निवांत. बाईंनी तिला आत बसवलं.

"आला होता," म्हातारी म्हणाली. "उंबऱ्यावर बसला. डोक्यावरून हात फिरवून घेतला आणि गेला. तुमचे उपकार झाले, बाई."

म्हातारीने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पण त्याच्या मागोमाग आणखी काही जण आले हो... त्याच कोठडीतले. ते अजून अंगणात उभेच आहेत. विचारतात, आमची तारीख कधी?"