हर्षालीचा अर्ज तिसऱ्यांदा परत

"अहो, ते बसायला नाहीये! उठा आधी!"

सुरगाण्याच्या गाडीतून सीबीएस स्टँडवर उतरून हर्षाली पाण्याची बाटली घ्यायला वळली काय, तेवढ्यात एक उंच तरुण तिच्या बर्फाच्या डब्यावर खुशाल टेकला होता. तो दचकून उठला.

"सॉरी... मासे आहेत का?"

"शेळ्यांच्या लेंड्या आहेत! चाळीस शेळ्यांच्या!"

तो हसला. गालाला खळी पडली. हर्षालीचं डोकंच फिरलं. पहाटेपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि हा मेला हसतोय!

तासाभराने ती फेलोशिपच्या ऑफिसात पोचली, तर खिडकीपलीकडे तीच खळी. धनराज, नवीन क्लार्क. त्याने तिचा अर्ज उलटसुलट पाहिला आणि लाल पेनाने लिहिलं, 'हजेरी कमी. अर्ज परत.'

"हजेरी कमी?" हर्षाली भडकली. ती जनावरांची डॉक्टर. शेळ्यांच्या जंतांवर कोणतं औषध आता चालेनासं झालंय, यावर तिची पीएच.डी. चाललेली. "शेळ्या सुरगाण्यात, अंगठ्याचं मशीन कॉलेजात! मी काय शेळ्यांना एसटीत बसवून आणू?"

"हाफ तिकीट पडेल," तो गंभीरपणे म्हणाला. "नाहीतर तिथे होतात याचा पुरावा जोडा. तारखांसकट."

दुसऱ्यांदा ती सुरगाण्याच्या दवाखान्याचं पत्र घेऊन गेली. पत्रात तारखाच नव्हत्या. अर्ज परत.

"चहा घेता?" त्याने हळूच विचारलं.

"विष आहे का त्यात?"

"साखर आहे... थोडी तुम्हालाच लागेल."

अस्सा राग आला तिला! आणि जिना उतरताना ती खळी डोळ्यांपुढून हलेना, याचा तर दुप्पट.

तिसऱ्यांदा गेली तेव्हा मुदत संपायला चार दिवस उरले होते, आणि दवाखान्याकडे तारखांची नोंदच नव्हती. अर्ज अडकला की फेलोशिप बंद, शेवटच्या हंगामाचे नमुने नाहीत, दोन वर्षांची मेहनत पाण्यात. धनराजने पुन्हा नकारार्थी मान हलवली मात्र, तिने हातातलं खोकं त्याच्या टेबलावर दाणकन आपटलं.

"घ्या! हेच ठेवा आता! माझ्या काय कामाचं?"

खोकं फुटलं, कार्डं फरशीभर पसरली. तो खाली वाकला. "हे काय?"

"शेळ्यांची कार्डं. नमुना घेतला की तारीख टाकायची, मालकिणीचा अंगठा घ्यायचा. ही सगुणाबाईच्या काळीची... तुम्हाला काय करायचंय!"

तो एकेक कार्ड बघत राहिला. मग वर पाहिलं... आणि या वेळी हसला नाही.

"डॉक्टर, कार्डावरच्या या तारखेला नमुना कोणी घेतला?"

"मीच! दुसरं कोण—"

ती थबकली. दोन वर्षं तिने शेळ्यांची नोंद ठेवली होती, आणि तीच तिची हजेरी होती. किती मूर्ख आपण! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली तिला.

दुपारभर दोघं शेजारी बसून तारखांची यादी करत होते. कोपराला कोपर लागलं की दोघंही सरकायचे... पण थोडंसंच. मग तो यादी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि दाराबाहेर त्याचा आवाज चढलेला ऐकू आला. "साहेब, नियमात पुरावा म्हटलंय, मशीन नाही! त्या बायकांचे अंगठे खोटे आहेत का?"

त्याचा तो राग ऐकला, आणि हर्षाली उठून दाराशीच जाऊन उभी राहिली.

एप्रिलमध्ये ती सुरगाण्याच्या गाडीपाशी उभी होती. धनराज धापा टाकत आला, हातात मंजुरीचं पत्र.

"फाईल गेली वर. आता माझ्या टेबलावर नाही. म्हणून आज सांगतो... तुम्ही मला आवडता. त्या लेंड्यांच्या डब्यापासून."

"आणि चार महिने गप्प?" तिचे डोळे भरून आले, आवाज मात्र चढला. "मी शिव्या घालत होते तुम्हाला!"

"फाईल माझ्याकडे असताना विचारलं असतं, तर तुम्ही नाही कशा म्हणाला असता?"

गाडी सुरू झाली तशी ती चढली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"रविवारी सहाची गाडी. शेळ्या धरायला माणूस हवाय."

"उशीर झाला तर?"

"अर्ज परत!"

गालाला पुन्हा खळी पडली.

"हसू नका!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता स्वतःच हसली.