उशिरा वळणारा बॉल

तो दुकानात शिरला तेव्हा मी ड्रिल मशीनपाशी वाकून चुरा झाडत होते, आणि त्यानं माझ्या पाठीलाच विचारलं, "ड्रिल करणारे साहेब कुठे भेटतील?"

"साहेब समोरच आहेत," मी वळून म्हटलं. "केसांत चुरा आहे, म्हणून ओळखू आले नसतील."

तो इतका ओशाळला, की मला हसूच फुटलं. आमचं दुकान म्हणजे बोलिंगच्या लेनशेजारची टीचभर खोली. काका बॉल विकतो, मी त्या बॉलना बोटांची भोकं पाडते. या गिऱ्हाइकाची तक्रार अशी, की बॉल अर्ध्या वाटेतच वळायला लागतो आणि पिनांपर्यंत पोचेस्तोवर त्यातला जीवच जातो. रविवारी क्लबच्या संघाची निवड होती, आणि याआधी त्याला दोनदा डावललं होतं.

बॉलच्या पोटात जड गाभा असतो. त्याचा माथा कुठे आहे ते बाहेरचा रंगीत ठिपका सांगतो. भोकं त्या ठिपक्यापासून कुठे पाडली, त्यावर बॉल कधी वळणार ते ठरतं. याचा ठिपका बोटांच्या खाली होता, म्हणून ती घाई. मी म्हटलं, नवा बॉल घ्या, त्याचा ठिपका बोटांच्या वर ठेवते. लांबवर सरळ जाईल आणि पिनांजवळ झपकन वळेल.

पण आधी त्याचा बॉल कुठल्या अक्षाभोवती फिरतो ते बघायला हवं होतं. बॉलवर पांढरी पट्टी चिकटवायची, टाकायला सांगायचं, पट्टी डगमगली की जरा सरकवायची. काम तसं थोड्या वेळाचं. पण तो पाठमोरा चालत जायचा, गुडघ्यात अलगद वाकायचा... आणि माझी नजर बॉल सोडून भलतीकडेच.

"पुन्हा टाका."

"पट्टी अजून हलतेय?"

"हो – काहीतरी हलतंय खरं."

तो वळून हसला. माझे कान तापले. पोरी, बॉल झिजेल गं, असं काका गल्ल्यावरून म्हणालाच.

मग हाताची मापं. त्याचा उबदार तळवा माझ्या हातात... मी आकडे मोठ्यानं म्हणत राहिले, म्हणजे तोंडून दुसरं काही निघायला नको.

बॉल मशीनखाली आवळला तेव्हा मात्र मनात पाप आलं. ठिपका जरासा इकडे सरकवला, बॉल रुसला, तर हा परत येईल. नीट चालला तर कशाला येतोय? गरज सरो, वैद्य मरो! पण त्याला संघात जायचं होतं, आणि माझा हात काही खोटं करायला धजेना. भोकं जिथे पाडायची तिथेच पाडली.

तो निवडला गेला. काकानंच सांगितलं. मग दिवसामागून दिवस गेले. दाराची काच हलली की माझी मान आपोआप वर... आणि दर वेळी दुसरंच गिऱ्हाईक. कोण कुठला तो, आणि मी अशी झुरत होते. माझी मलाच लाज वाटायची.

एका दुपारी तो आला. रिकाम्या हातांनी.

"बॉल कुठाय? अंगठा अडकतो का?" मी विचारलं, आणि किती आशेनं विचारलं.

"नाही."

"मग वळत नाही?"

"झकास वळतो. इतके दिवस त्यात खोट शोधत होतो... सापडेचना." तो काउंटरवरच्या फडक्याशी चाळा करत राहिला. "यायला कारणच ठेवलं नाहीत तुम्ही. म्हणून आज विनाकारण आलोय – तुम्हाला बघायला. चालेल?"

मी मशीन बंद केलं. तरी छातीतली धडधड थांबेना.

"उद्याही या," मी म्हटलं. "विनाकारणच."