डावा बूट माळ्यावर

दार लोटून घे गं, आणि तो फोन पालथा ठेव. आज आलेलं ते बुटांचं खोकं पलंगाखाली सरकव, मला समोर नको. का, ते सांगते. ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. तुमच्या धाकट्या आजोबांची आहे, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची. मी त्यांना भावजी म्हणायची. चेष्टा खूप करायचे, पण थाप मारणारा माणूस नव्हे.

भावजी उभा जन्म एका बुटांच्या दुकानात होते. मोठ्या रस्त्यावरचं दुकान, दोन्ही बाजूंनी काच. काचेत मांडलेले बूट सगळे उजव्या पायाचे. डावे माळ्यावर. एकटा उजवा चोरून चोर काय करणार, लंगडी घालणार? गिऱ्हाइकानं उजवा पसंत केला की भावजी मान वर करून हाक द्यायचे, "आठ नंबर, तपकिरी, डावा!" वरून उत्तर यायचं, "आलं!" की लगेच माळ्याच्या चौकोनातून खोकं खाली. भावजी वर न बघता झेलायचे. बोलणं गिऱ्हाइकाशी, हात खोक्याला.

वर जो माणूस बसायचा त्याला सगळे वरचे काका म्हणायचे. एकटा जीव, ना बायको ना पोर. सकाळी शिडीनं चढायचे, रात्री उतरायचे. गिऱ्हाइकांना नुसता आवाज ठाऊक. एका बाईनं तर विचारलं होतं, "तुमच्याकडे देवाला सांगून बूट काढतात का हो?" भावजी म्हणाले, "हो बाई, पण आमचा देव ऐकतो."

काकांचा एक नेम होता. हाक आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. वर दुखो, खुपो, तहान लागो, गिऱ्हाइकासमोर माळ्यावरून आवाज जायचा तो "आलं" एवढाच.

आणि मग तुमचे हे फोन आले. लोक दुकानात यायचे, ऐटीत बसायचे. भावजींनी गुडघे टेकायचे, पाय हातात घ्यायचा, चार-चार जोड घालून दाखवायचे. नेमका कुठला बसतो ते कळलं की फोन काढायचा, बुटाचा फोटो घ्यायचा, आणि तिथंच, त्यांच्याच खुर्चीवर बसून दुसरीकडून मागवायचा! आणि वर भावजींनाच म्हणायचं, "थँक्यू हं." अरे, थँक्यूवर काय चूल पेटते? माझा तर अजून जीव जळतो. ज्याच्या घरचं जेवायचं त्याच्याच ताटात थुंकायचं, ही कुठली रीत? मान खाली घालू नकोस, तुला काल कोपऱ्यावरच्या दुकानात पाय मोजून घेताना पाहिलंय मी. आता ऐक.

एकेक करत रस्त्यावरची दुकानं मिटली. कापडाचं गेलं, घड्याळांचं गेलं, खेळण्यांचं गेलं. बुटांच्या दुकानात दिवसच्या दिवस हाक जाईना. वर काका गप्प, खाली भावजी गप्प.

शेवटी मालकानं दुकान मोडलं. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना बाहेर बोलावलं, काचेसमोर उभं करून फोटो काढला, डोळे पुसले. माल पुढच्या आठवड्यात उचलायचा होता, पण आत भंगारवाला घाई करत होता. शिडी त्यालाच विकली होती. एक टोक त्यानं धरलं, दुसरं भावजींनी. शिडी टेम्पोत, शटर खाली, जो तो आपल्या घरी.

काका वर.

हो. त्यांना कुणी सांगितलंच नाही. भावजींना वाटलं मालकानं सांगितलं असेल, मालकाला वाटलं भावजींनी. दिवसभर हाक आली नाही, तर काकांना त्यात नवल वाटायचं कारणच नव्हतं. डोळा लागला असेल. जागे झाले तेव्हा अंधार, आणि शिडी नाही. ओरडले असतील का? भावजी म्हणायचे, "वहिनी, नसतील ओरडले. हाक कुठं आली होती?"

तिसऱ्या दिवशी भावजी तो फोटो बघत बसले होते. बघता बघता उठले, आणि अनवाणी धावत सुटले. शटर उघडलं. काका माळ्याच्या काठावर पाय सोडून बसलेले होते. बसलेलेच. मांडीवर डावा बूट.

चार दिवस सगळे हळहळले. मग ती जागा घरपोच माल पाठवणाऱ्या कंपनीनं घेतली. काचांना आतून पांढरा रंग फासला. बघा तमाशा: मोक्याची जागा, दुकानाएवढं दुकान, आणि आत गिऱ्हाइकानं पाऊल टाकायचं नाही! आत फळ्याच फळ्या, आणि भिंतीवर एक यंत्र. कुणी घरबसल्या काही मागवलं की ते वाजायचं, टुंग. आणि रात्रपाळीला माल भरायला कोण? आमचे भावजी. त्या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार होता. संध्याकाळी साहेबानं काम सांगितलं. परत आलेल्या मालात काळ्या बुटांचं एक खोकं होतं, आत नुसता उजवा. साहेब म्हणाला, "सकाळपर्यंत डावा सापडला पाहिजे. नाहीतर उद्यापासून येऊ नका. आणि हो, उद्या तो माळा तोडायचाय, त्याच्याखालचा पसारा आवरून ठेवा."

भावजी एकटेच आत. पसारा आवरला. सगळ्या फळ्या धुंडाळल्या. डावा नाही. रात्रीचे पावणेदोन झाले. थंडीनं बोटं आखडली होती. नोकरी जाणार, हे कळून चुकलं. उजवा बूट हातात घेऊन ते बरोबर माळ्याच्या चौकोनाखाली उभे राहिले. आणि माणूस रागानं हसतो ना, तसं हसून त्यांनी मान वर केली. जुनी सवय. मोठ्यांदा ओरडले,

"नऊ नंबर, काळा, डावा!"

आवाज रिकाम्या माळ्यात घुमला. विरला.

मग वरून...

"आलं."

भावजींचे हात आपोआप पुढं झाले. खोकं हातात पडलं. जुन्या दुकानाचं खोकं, तसलं आता कुठंच मिळत नाही. हलकं होतं. उघडलं. आत कागद. कागदाला डाव्या बुटाचा खळगा. बूट नाही.

भिंतीवरचं यंत्र वाजलं. टुंग.

"आलं."

दुसरं खोकं पडलं. हे त्यांनी झेललं नाही. फरशीवर आपटलं.

टुंग.

"आलं."

टुंग. टुंग.

"आलं... आलं..."

शहरात कुणी कुणी जागं होतं, अंथरुणात पडून काय काय मागवत होतं. आणि वर तो म्हातारा प्रत्येकाला ओ देत होता. त्याला वाटत होतं दुकान चाललंय. गर्दी आहे. हाका येतायत.

भावजींच्या घोट्यापर्यंत खोकी आली. सगळी रिकामी. आणि त्या भीतीतच त्यांना उमगलं, की सांगायचं राहिलंय ते सांगायलाच हवं.

"काका..."

वरचं थांबलं.

"काका, दुकान बंद झालं हो. कधीच बंद झालं. तुम्ही... खाली या."

यंत्रही गप्प. सगळं गप्प.

मग लाकूड करकरलं. माळ्याच्या काठाशी. शिडीच्या पायरीवर पाय पडल्यासारखं. शिडी तर नव्हती. ती भावजींनी आपल्या हातांनी उचलून दिली होती.

कर्र.

एक पायरी.

कर्र.

अजून एक.

भावजींनी डोळे मिटून घेतले. पावलं जवळ आली. अगदी जवळ. आणि थांबली. कानाशी श्वास. गार. मग आवाज. मोठा नाही. चिडलेलाही नाही, आणि तेच वाईट होतं...

"मला कधी सांगणार होतास?"

भावजींनी काय उत्तर दिलं, ते मी पुष्कळदा विचारलं. ते उठून बाहेर जायचे.

सकाळी साहेब आला. भावजी बाहेर फुटपाथवर बसलेले. साहेब आत गेला आणि आतूनच खेकसला, "ही शिडी कुणी आणली?"

भावजी दारातून डोकावले. फरशी लख्ख, खोकं एकही नाही. पण माळ्याला शिडी टेकवलेली होती. तीच. मधल्या पायरीला भावजींनी स्वतः बांधलेली तार होती.

शिडीवर जाड धूळ होती. वरून खाली, पायरी पायरीवर, त्या धुळीत अनवाणी पाय उमटलेले. परत वर गेलेलं पाऊल एकही नाही.

सगळ्यात खालच्या पायरीवरची धूळ मात्र तशीच होती. न मोडलेली.