आधी तिला

खोटं म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण ईशानीच्या आईसमोर म्हणून दाखवा.

जूनमधला शनिवार. ॲमस्टरडॅमला लागून असलेलं डीमन, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. रात्रीचे साडेनऊ... आणि बाहेर लख्ख उजेड.

बळवंत, निवृत्त पोलीस, कल्याणहून लेकीकडे राहायला आलेले. लेक धम्मदीपा. नात ईशानी, सहा वर्षांची. पोरीनं कालपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ओठ फुटले होते. डॉक्टर म्हणाले, दहापर्यंत प्यायली नाही तर हॉस्पिटलात आणा.

"पी गं बाळा, एक घोट."

"नेय, नको आजोबा. आधी तिला."

"ती कोण?"

"दारातली मुलगी. ती म्हणते, द्लो... द्लो..."

बळवंतांनी पेला खाली ठेवला.

हा शब्द त्या घरात एकट्या बळवंतांना ठाऊक होता. हैतीत पाण्याला द्लो म्हणतात.

"बाबा, काय लपवताय?" धम्मदीपानं विचारलं.

मग ते बोलले.

दोन हजार दहा साल. सरकारं पाडून पाडून मोडलेला देश, त्यावर भूकंप. शांततेच्या नावानं परदेशी फौजा बसलेल्या. बळवंतही संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून गेले होते. अशाच एका फौजेच्या तळाची घाण नदीत गेली. पटकी पसरली. हजारो माणसं मेली. मदत म्हणे! वरच्या साहेबांना आपला हात कबूल करायला सहा वर्षं लागली.

बळवंतांच्या छावणीत शुद्ध पाणी होतं. तारेपलीकडे एक पोरगी तीन दिवस पाणी मागायला आली. केसांत लाल रिबिनी, हातात पिवळा कॅन.

"दिलं नाहीत?"

"बाहेरच्यांना द्यायचं नाही, अशी ऑर्डर होती."

"ऑर्डर! आणि दर वीस मार्चला महाडला जाता? चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन रडता? कुणासाठी हो बाबा?"

बळवंत पेल्याकडे बघत म्हणाले,

"चौथ्या दिवशी आली नाही. नदीवर गेली म्हणाले..."

ठक.

दाराबाहेर कुणीतरी प्लास्टिकचा कॅन खाली ठेवला.

ईशानी बेडवरून हसली.

"उठा, बाबा," धम्मदीपा म्हणाली. "आता माझी पोर जातेय."

बळवंतांनी तांब्या भरला. दार उघडलं.

गॅलरी रिकामी. खालून ट्राम गेली. चिटपाखरू नाही.

त्यांनी तांब्या वाकवला. धार खाली गेली...

फरशी कोरडीच राहिली.

पाणी कशात तरी भरत होतं. भरत आलेल्या भांड्याचा आवाज चढतो ना, तसा तो चढत गेला... आणि थांबला.

आत ईशानीनं पेला उचलला. घटाघटा प्यायली.

धम्मदीपा ढसाढसा रडली. "झालं, बाबा. या आत."

बळवंत हलले नाहीत.

ठक.

आणखी एक कॅन. मग पत्र्याची बादली. मग लिफ्टपाशी. मग जिन्यात, एकेका पायरीवर, पार खालपर्यंत...

"अजून एक तांब्या आण," बळवंत म्हणाले.

"किती जण आहेत?"

बळवंतांनी रिकामा तांब्या तिच्या हातात दिला.

ऑगस्टमध्ये व्हिसा संपला, ते कल्याणला परतले. ईशानी ठणठणीत आहे. आजोबांचा फोन येतो तेव्हा मागे नळ चालूच असतो. बंद करा म्हटलं की म्हणतात, "दारात माणसं आहेत गं."

हैतीत आणखी एक परदेशी फौज उतरणार अशी बातमी आली, त्या दिवशी त्यांचा फोन आलाच नाही. धम्मदीपानं लावला. उचलला गेला. बराच वेळ नुसती भांडी ठेवल्याचे आवाज. ठक... ठक... ठक...

मग बळवंतांचा आवाज, लहान पोरासारखा.

"धम्मा... नळाचं पाणी गेलं गं."